काचपेटीवरचा आळ

“बसाले दोन माणसं, मांडाले एक पेटी, अन् सारी खोली गुंतून. झाडू मी मारू कुठं, आढ्याले?”

घरात झाडलोट करणारी पंचफुला हे रोज माझ्या अगदी कानाशी पुटपुटते, माझी काच पुसता पुसता. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही. इतकी वर्षं सगळ्यांनीच हा समज करून घेतला, म्हणून तर माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढं साठलं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी काचपेटी आहे. नागपुरात महालातल्या एका माडीवर, पूर्वेच्या खिडकीपुढे माझी जागा आहे. दुकानात मुनीमजींपुढे उतरत्या झाकणाची पेटी असते ना, बसून लिहायची, तशीच मी दिसते. फरक इतकाच की माझं झाकण काचेचं आहे आणि पोटात एक आरसा तिरपा बसवलेला आहे. सकाळचं ऊन मागून आत शिरतं, आरशावर आपटतं आणि खालून काच उजळते. मग एका कागदावर दुसरा कागद ठेवला की खालचं चित्र वरच्यातून दिसतं. चित्रकाराला याहून जास्त काय लागतं? चहा लागतो. तोही माझ्यावरच सांडतो.

आज माझ्या काचेवर देवकीबाईंचा हात चालतो. शेजारी त्यांचे यजमान गिरिधरराव बसतात. हात उपरण्यात गुंडाळलेले, डोळे कागदावर. बैलाचा पाय कुठं पडेल ते सांगतात आणि बाई तिथं तो पाडतात. टॉकीजमध्ये खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर संत्र्यांची एक बैलगाडी चालत जायची, ती तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना नक्की आठवत असेल. ती गाडी चालायला शिकली माझ्या काचेवर. ती पाहायला लोक खेळाच्या आधी येऊन बसत. पण ती चालण्याआधी दोन महिने माझ्यावर एक आळ आला होता. तो कसा आला, ते मला सांगायचं आहे.

माझा जन्म लकडगंजातला. पहिलं महायुद्ध संपलं, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा. देवराव सुतारानं चांद्याच्या सागवानातून मला घडवलं. एकही खिळा नाही, सगळी सांध्यात सांधा घालून केलेली बांधणी. देवराव फार बोलणारा नव्हता. माल पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो सांधा दाखवी आणि विडी पेटवी. माझी काच मात्र लकडगंजाची नाही. सीताबर्डीवरच्या एका फोटोवाल्यानं धंदा बंद केला, त्याच्या छपराला उजेडासाठी बसवलेली ती काच. फोटो काढून घेणाऱ्यांचे अनेक चेहरे तिनं वरून पाहिले होते. माझ्याकडे आल्यापासून ती खालून पाहते.

गिरिधरराव तेव्हा बापूजींच्या शिळाछापखान्यात चित्रं काढत. तिथं चित्र दगडावर काढायचं असे, आणि तेही उलटं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. सरळ चित्र माझ्यावर पालथं ठेवलं की ते आपोआप उलटं दिसे. एवढ्या एका सोयीसाठी त्यांनी मला करवून घेतलं होतं. काटोलहून संत्र्यांच्या पेट्या बाहेरगावी जात, त्यांवर चिकटवायचे रंगीत कागद, पंचांगातले देव, शाळेच्या पुस्तकातला उंट, सगळं माझ्यावरून गेलं. त्यांची संत्री इतकी रसरशीत असत की एकदा एक व्यापारी छापखान्यात येऊन बसला. म्हणाला, “बापूजी, गिऱ्हाईक पेटी फोडते अन् म्हणते, आतलं ठेवा, आमाले कागदावरचं द्या.”

बापूजी महिनाभर ही गोष्ट भेटेल त्याला सांगत होते. गिरिधररावांनी ती ऐकली आणि ते संत्र्याचा देठ पुन्हा काढायला बसले. देठ जरा जाड झाला, असं त्यांचं म्हणणं.

पण त्यांचा खरा जीव होता चालत्या चित्रांवर. त्यांनी तंबूतला बायोस्कोप पाहिला, त्या दिवशी बाकीचे लोक राजपुत्र आणि राक्षस यांच्याबद्दल बोलत घरी गेले. हे घरी आले ते घोड्याचे पाय डोक्यात घेऊन. देवकीबाईंनी विचारलं, “कसा होता खेळ?” हे म्हणाले, “मागचा पाय आधी उचलला वं त्यानं.” आणि जेवायचं ताट तसंच ठेवून माझ्याजवळ बसले.

तेव्हापासून छापखान्याचं काम झालं की उरल्यासुरल्या कागदांच्या गड्ड्या करून ते त्यांवर चित्रं काढत. पहिल्या पानावर चिमणी बसलेली, विसाव्या पानावर उडालेली. अंगठ्यानं पानं सोडली की ती खरोखर भुर्रकन उडे. अशा गड्ड्या त्यांनी गल्लीतल्या पोरांना वाटल्या. देवरावाला बोलावून माझ्या माथ्यावर दोन पितळी खुंट्या बसवून घेतल्या आणि कागदांना त्याच मापाची भोकं पाडली, म्हणजे शंभर कागद एकावर एक ठेवले तरी एकही इकडचा तिकडे सरकू नये. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. नागपुरात शिकवणारं होतंच कोण? जे अडेल ते ते स्वतः सोडवत आणि सुटलं की माझ्या कडेवर दोन बोटांनी टकटक करत. ती शाबासकी मी माझीच समजत आले.

मग काटोलच्या व्यापाऱ्यांनी मिळून ठरवलं की आपल्या संत्र्याची जाहिरात टॉकीजच्या पडद्यावर यावी. बापूजींनी गिरिधररावांचं नाव पुढे केलं. अर्ध्या मिनिटाचं चालतं चित्र. एका सेकंदाला बारा कागद, असे तीनशे साठ. ते मुंबईला पाठवायचे आणि तिथं एकेकाचा फोटो घेऊन त्यांची फिल्म व्हायची. संत्र्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत सगळं झालं पाहिजे, नाही तर काम मुंबईच्याच कोणा चित्रकाराकडे जाणार. अठरा वर्षं गिरिधररावांनी अंगठ्यावर चालवलेलं चित्र पहिल्यांदा पडद्यावर चालणार होतं.

ते कामाला लागले ते असे की, सकाळी उठून काटोल रोडला जाऊन बसत. गाड्या येत, हे बैलांचे पाय पाहत. चार पायांचा क्रम काही लक्षात राहीना. तेव्हा एका गाडीवानाला विनंती करून त्यांनी बैलाच्या खुरांना चार रंग लावले. हळद, कुंकू, चुना आणि काजळी.

गाडीवान म्हणाला, “पोळा होऊन गेला ना जी. आता काहून सजवता याले?”

“तू फक्त हाक गा,” गिरिधरराव म्हणाले, आणि मैलभर त्या गाडीच्या बाजूनं वाकून चालत गेले. परत आले तेव्हा कंबर धरली होती, पण क्रम सापडला होता. हळद, चुना, कुंकू, काजळी. तो बैल माझ्यावर उतरला तेव्हा, खरं सांगते, काचेला त्याचं वजन जाणवलं.

आणि अश्विनातल्या एका सकाळी, शिंगाच्या टोकाशी, रेघ फिसकटली.

केसभर फिसकटली असेल. गिरिधररावांनी टाक उचलला आणि ते त्या जागेकडे पाहत राहिले. दारात देवकीबाई उभ्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “पेटी हालली वाटते.”

“हो,” ते म्हणाले. “पेटीच हालली.”

मी हालले नव्हते. पण बाईंचा आवाज इतका घाईचा होता की मला राग येण्याआधी कळलंच. चहाचा कप त्या महिनाभरापासून अर्धाच भरत होत्या. बशी द्यायचं त्यांनी बंदच केलं होतं, कारण बशी वाजायची.

तेव्हापासून मी हालू लागले. म्हणजे सगळे तसं म्हणू लागले. देवकीबाईंनी जुन्या पंचांगाचं पान घडी घालून माझ्या पायाखाली सारलं. रेघ तरीही थरथरली. बापूजी आले, त्यांनी फरशीवर नाणं फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “जमीनच उंचसखल आहे हो. वर्षानुवर्षं हे लक्षात कसं आलं नाही?” मग मला दुसऱ्या खिडकीपाशी नेलं. पंचफुलावर ठपका आला की ती झाडताना मला ढकलते. पंचफुला कोणाचं ऐकून घेणारी नाही. पण तीही गिरिधररावांकडे एकदा पाहून म्हणाली, “ढकलत असन बाप्पा. माहा हात लय जड आहे.” आणि पदर तोंडाला लावून खाली गेली.

शंभर कागद झाले तेव्हा गिरिधररावांनी ते बापूजींना दाखवायला घेतले. अंगठ्यानं पानं सोडली. बैल काय सुंदर चालला म्हणून सांगू. खांदा आधी दबे, मग मान झुले, मग खूर उचले. पण मित्रांनो, चालत्या चित्रात चालणारं काढणं एक वेळ सोपं, उभं राहणारं काढणं कठीण. प्रत्येक कागदावर तेच झाड, तोच मैलाचा दगड जसाच्या तसा पुन्हा गिरवावा लागतो. रेघ जराशी जरी वेगळी पडली, तरी पानं सोडताच ते दिसतं. बैलामागचं कडुनिंबाचं झाड थंडी वाजल्यासारखं कापत होतं.

“वारा सुटला आहे,” बापूजी म्हणाले. “वाऱ्यानं झाड हालतेच. छान दिसते उलट.”

“अन् मैलाचा दगड?” गिरिधररावांनी विचारलं.

बापूजींनी चहाचा मोठा घोट घेतला. तो संपल्यावर आणखी एक घेतला. कप रिकामा होता.

“पेटी,” देवकीबाई म्हणाल्या. “त्या पेटीपायीच सारं होऊन राहिलं.”

त्यानंतर आठ दिवस मला कोपऱ्यात ठेवलं. काचेवर पंचफुलानं उडदाचे पापड वाळत घातले. एवढी वर्षं देव आणि उंट पाहिलेल्या काचेनं आठ दिवस पापड पाहिले. मला वाईट वाटलं ते पापडांचं नाही. गिरिधरराव जेवणाच्या पाटावर कागद ठेवून काढून पाहत. तिथंही रेघ थरथरे. तो कागद ते चुरगळून खिशात घालत, आणि कोणी पाहिलं नाही ना म्हणून दाराकडे बघत. हंगाम जवळ येत होता. अडीचशेच्यावर कागद बाकी होते. देवकीबाईंची रेघ सरळ होती. संत्र्यांच्या कागदांचे काठ कित्येक वर्षं त्याच भरत होत्या. पण टाक मागायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तर त्यांनी माझ्या पायाखाली घडी घालून ठेवलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुन्या वस्तू असतील. त्यांना पुसा, तेल लावा, पावसात बाहेर ठेवू नका, हे मी सांगणारच. म्हाताऱ्या वस्तूंना तेवढंच मागता येतं. पण आणखी एक मागते. एखादी वस्तू अचानक वाईट वागू लागली असं घरातले सगळे म्हणू लागले, तर वस्तूकडे पाहण्याआधी एकदा माणसाकडे पाहा. त्या पाहण्याची गरज त्याला जास्त असते.

शेवटी देवरावाला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा त्याचेही केस पिकले होते. त्यानं कोपऱ्यात मला पाहिलं, पापड उचलून बाजूला ठेवले आणि विचारलं, “कोनता पाय हालते जी?”

“मागचा डावा,” देवकीबाई म्हणाल्या.

“पुढचा उजवा,” त्याच वेळी बापूजी म्हणाले.

देवरावानं पिशवी खाली ठेवली. त्यानं एक वाटी मागितली, काठोकाठ पाण्यानं भरलेली. ती माझ्या काचेच्या मधोमध लाकडी पट्टीवर सपाट बसवली आणि माझे चारही कोपरे एकेक करून दाबले. पाणी हाललं नाही. त्यानं कडेला मूठ आपटली. पाण्यावर एक वलय उठलं आणि विरलं. तो वाटी उचलायला वाकला.

“राहू दे, मी उचलतो,” गिरिधरराव सवयीनं म्हणाले आणि त्यांनी वाटी उचलली. तिच्यातलं अर्धं पाणी माझ्या काचेवर सांडलं.

बापूजी खिडकीबाहेर पाहू लागले. देवकीबाई पापड मोजू लागल्या. देवरावानं खांद्यावरचा गमछा काढून मला कोरडं पुसलं, सावकाश, कोपऱ्यांपर्यंत. मग मान खाली घालून म्हणाला, “माहीच चूक आहे जी. तवा लाकूड ओलं लावलं होतं मी. आता पाय वाकले.”

ओलं सागवान. देवरावानं. लकडगंजात ज्याचा सांधा पाहायला लोक थांबत, तो माणूस बापूजींच्या देखत स्वतःच्या कामाला खोटं म्हणत होता, आणि बापूजींना कळलेली गोष्ट साऱ्या बाजाराला कळते हे त्याला माहीत होतं. त्यानं मला उलटं केलं. पिशवीतून करवत काढली. माझ्या मागच्या डाव्या पायाला दात टेकवले.

“थांब गा देवराव.”

गिरिधरराव पुढे आले. माझ्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी उजवा हात उपरण्यातून बाहेर काढला आणि तो माझ्या उलट्या पायावर, करवतीच्या शेजारी ठेवला. दाबून धरला नाही, नुसता ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. बराच वेळ.

“पेटी नाही हालत,” ते म्हणाले. “माहा हात हालते.”