घोड्यापुढचं प्यादं

सर पांढरी मोहरी घेऊन बसले होते आणि सुरुवात त्यांची नेहमीचीच होती. वजिरापुढचं प्यादं, मग उंट बाहेर. उंट निघाला की मागचं घोड्यापुढचं प्यादं उघडं पडतं. ते दाखवून सर दरवर्षी वर्गाला दम भरत, "काळ्या वजिराने हे खायचं नाही. खाल्लं की वजीर अडकलाच."

समोरच्या मुलीने वजीर सरसर खाली आणला आणि ते खाल्लं.

ही सरांचीच विद्यार्थिनी. लहानपणी वर्गात तिला शंकासुर म्हणत. "का नाही खायचं, सर?" ती विचारायची. "नाही म्हणजे नाही!" सर म्हणायचे.

आज शेवटची फेरी होती. जिंकेल त्याच्याकडे बुद्धिबळ मंडळ हा वर्ग सोपवणार होतं. कारखान्याने सरांना केव्हाच घरी बसवलं होतं. त्या वर्गाबाहेर त्यांना 'सर' म्हणणारं कुणी नव्हतं.

वजीर पकडायचा, बस्स! घोडा हलवून सरांनी हत्ती शेजारी आणून वजिरावर रोखला. वजीर एक घर बाजूला सरकला. हत्ती वर चढवून पुन्हा हल्ला केला. वजीर पटावरून सावकाश चालत माघारी गेला, प्यादं पोटात घालून.

सरांचं घड्याळ पळत होतं. वीस वर्षं जे ठासून सांगितलं, त्याचं कारण त्यांनी स्वतः कधी तपासलंच नव्हतं. त्यांनी घोडा तिच्या राजाच्या अंगावर फेकला. तिने तोही शांतपणे खाल्ला. मग उंट फेकला. तोही गेला. हल्ला करायला काही उरलंच नाही.

सरांनी हार मानून हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरला.

"चला, आवरा," पंच म्हणाले. "हॉल रिकामा करायचाय."

पण सरांनी मोहरी भराभर पुन्हा मांडली. वजीर त्याच प्याद्याच्या घरात ठेवला.

"थांब, जाऊ नकोस. इथे कुठेतरी सापडतोच हा. घोडा आधी काढला तर? नाहीतर हा उंट..."

ती खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसली.

"मी सातवीपासून शोधतेय, सर," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"नाही सापडत."

सरांनी घोडा उचलला आणि ठेवायला घर शोधू लागले.