खुणेशिवाय फॅक्स नाही

आमच्या उचगावच्या घरात माझ्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती. माझ्या खुणेला मात्र होती. सासऱ्यांची, म्हणजे सोमशेखर मामांची, फाउंड्री होती. कंपन्यांना पत्रं जायची ती इंग्रजीत, आणि इंग्रजी घरात धड फक्त मला येत होतं. माझा नवरा रुद्रेश कच्चं लिहायचा, मी चुका काढायचे आणि खाली कोपऱ्यात बरोबरची खूण करायचे. मामा वाचायचे नाहीत. खूण दिसली की कागद स्वतःच्या हातानं फॅक्सला लावायचे.

२००१ साली कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीनं मला पत्रव्यवहाराच्या कामावर घ्यायचं ठरवलं. आमचंच कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीत ओतलेले भाग, घेणारी कंपनी. सोमवारी रुजू होणार की नाही, ते शनिवारी कळवायचं होतं. मला ती नोकरी हवी होती. हवी म्हणजे हवीच होती.

शनिवारी दुपारी मी भाकरी थापत होते. रुद्रेशनं ओट्यावर कागद आपटला.

“बघ. चुका असतील तर काढ.”

एकच वाक्य होतं. माझ्या बायकोला नोकरी करायची इच्छा नाही, तरी तिची वाट बघू नये. माझं अंग पेटलं. गळा माझा कापायचा, आणि सुरीला धारही मीच लावून द्यायची!

“असं मी कवा म्हणलं?”

“तू कशाला म्हणाय पायजे? घरात ठरलंय.”

“मग घरानंच तपासावं की.”

सासूबाई, गंगव्वा, दारातूनच कडाडल्या, “शिकल्याचा माज आलाय हिला! काय कमी पडलंय गं घरात?”

मी हात धुतले. त्याचं वाक्य खोडलं, खाली लिहिलं, सोमवारी रुजू होते. सही केली, खूण केली आणि पुढच्या खोलीत जाऊन कागद मामांच्या हातात दिला.

“चुका?”

“सगळ्या काढल्या, मामा.”

त्यांनी खूण बघितली, कागद मशीनला लावला आणि फॅक्स गेला. मागोमाग रुद्रेश आला, त्यानं मशीनवरचा तो कागद उचलून वाचला आणि लालबुंद झाला. “आप्पा, हिनं दगा दिला!”

काय लिहिलंय ते मीच मोठ्यानं सांगितलं. मामांनी अशी शिवी हासडली की शेजारची तानाबाई खिडकीत आली.

“दुसरा लिव! पयला रद्द म्हणून लिव!”

रुद्रेशनं खरडलं. मामा मशीनपाशी गेले, थबकले आणि सवयीनं कागद माझ्यापुढं धरला.

“खूण कर.”

“न्हाय करणार.”

“कर म्हणतोय न्हवं!”

“हात तोडा, पण न्हाय करणार.”

“तसाच लावा, आप्पा,” रुद्रेश म्हणाला.

“आणि चुकलं असलं तर? गिऱ्हाईक हाय ते आपलं. फिदीफिदी हसतील!” मामांनी कागद त्याच्यापुढं नाचवला. “बरोबर हाय का रं? छातीवर हात ठेवून सांग.”

रुद्रेशनं कागद घेतला, दोनदा वाचला आणि मशीनवर ठेवून दिला. मला त्याची जराही कीव आली नाही. अंधार पडला तरी कागद मशीनवर तसाच होता.

सोमवारी डबा मीच भरला. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मी चप्पल घालताना मात्र मामांनी तोंड फिरवूनच एका ऑर्डरीचं पत्र पुढं केलं.

“आल्यावर तपास.”

“आता ह्या कामाचा मला पगार मिळतो, मामा,” मी म्हणाले आणि कागलची गाडी गाठायला निघाले.