सुई, दोरा आणि सर्पदोष

तंजावूरजवळच्या पापनाशमच्या कल्याणमंडपात त्या मंगळवारी लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत आला होता. आत व्यासपीठावर चिदंबरस्वामी, आणि समोर शर्ट काढून रांगेत उभी माणसं. कुणाच्या कोपरांवर, कुणाच्या पाठीवर लाल चट्टे आणि त्यांवर पांढरे पापुद्रे. डॉक्टर त्याला सोरायसिस म्हणतात. स्वामी म्हणायचे, सर्पदोष!

"साप कात टाकतो, तो मरतो का? तुम्हीही टाका!" स्वामी गरजत होते. "एक मंडल, अठ्ठेचाळीस दिवस, रोज एक पुडी. रोग मुळासकट जाईल. पण इंग्रजी मलम लावलंत तर नाग कोपेल!"

नागाला मलमाचा एवढा राग का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. नवऱ्याला घेऊन आलेल्या अंबुजालाही नाही. गणेशकुमारला नऊ वर्षं सोरायसिस होता. तंजावूरच्या डॉक्टर सौम्यांनी मलमं आणि प्रकाशोपचार देऊन तो आटोक्यात ठेवला होता. पण त्या बाई पडल्या सरळ. "हा कायमचा जाणार नाही, मुठीत मात्र ठेवता येतो," असं तोंडावर सांगायच्या. गेल्या महिन्यात नात्यातल्या लग्नात गणेशकुमारने सांबाराचा डाव हातात घेतला, तेव्हा त्याचे मामा हनुमंतराव यांनी भर पंगतीत तो काढून घेतला. "तूं बैस रे. लोक जेवायचेत." त्या दिवसापासून तो झोपतानाही लांब बाह्यांचा शर्ट घालू लागला. अशा वेळी अंबुजा कुणाच्याही पायांवर डोकं ठेवायला तयार होती.

स्वामींनी ते नेमकं ओळखलं. तांबड्या रेशमातून त्यांनी एक पोथी काढली. "तुम्ही मराठी लोक ना? ही तंजावूरच्या तुमच्या मराठी राजांच्या वैद्याची पोथी. तुमच्याच अक्षरांत!" अंबुजाला भरून आलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलायचं आणि लिहायचं मात्र तमिळ अक्षरांत, असा त्यांचा रिवाज. देवनागरी म्हणजे तिच्या लेखी देवघरातली वस्तू. तिने पानाला नमस्कार केला आणि पूजेत ठेवायला फोटो काढून आणला.

मलमं बंद झाली, पुड्या सुरू झाल्या आणि बाराव्या दिवशी पापुद्रे गळाले. विसाव्या दिवशी गणेशकुमारने अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. अंबुजाला आभाळ ठेंगणं झालं. तिने स्वतः अकरा घरांत जाऊन सांगितलं आणि अकरा रोगी स्वामींकडे पोहोचवले. डोक्यातले चट्टे पगडीखाली लपवणारे हनुमंतरावही त्यांत होते.

अंबुजाची तेरा वर्षांची मुलगी अखिला मात्र देवघरातल्या त्या फोटोपुढे घुटमळत होती. ती हिंदीच्या परीक्षांसाठी शिकवणीला जायची.

"अम्मा, ह्यांत शिलाई मशीनचें लिहिलेंय. 'सुई वर घ्यावी. दोरा मागे ओढावा. चाकाला तेलाचे दोन थेंब द्यावेत.'"

"तूं हिंदी वाचतेस. हें आपलें मराठी!"

"अक्षरें तींच आहेत, अम्मा."

अंबुजा चपापली. मग चिडली. "पोथी खोटी असेल. अप्पांची कातडी खोटी आहे काय?"

अखिलाने फोटो पुन्हा एकदा वाचला आणि ती शिकवणीला निघून गेली.

पंचेचाळिसाव्या दिवशी सगळ्यांना उरलेल्या दिवसांच्या पुड्या वाटून स्वामींनी मुक्काम हलवला. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी गणेशकुमारच्या पुड्या संपल्या. नंतरच्या आठवड्यात त्याला हुडहुडी भरून ताप आला. पायांपासून मानेपर्यंत अंग लाल झालं, त्यावर पुवाचे बारीक फोड उठले. चादर चिकटायला लागली म्हणून त्याला केळीच्या पानांवर निजवलं. तशाच अवस्थेत ऑटोतून इस्पितळात नेलं.

डॉक्टर सौम्यांनी शेवटच्या पुडीच्या कागदात उरलेली पूड तपासायला पाठवली. उत्तर आलं तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. "गोवरीची राख आणि त्यांत कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या सूज दाबतात, म्हणून कातडी साफ दिसली. रोज पोटात घेऊन एकदम थांबवल्या की सोरायसिस असा उसळतो."

"स्वामींना हें ठाऊक होतें?" अंबुजाने विचारलं.

"मंडल संपायच्या आधी पळाला ना? तेवढं नक्की ठाऊक होतं."

"आणि सर्पदोष?"

"रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा चुकते आणि स्वतःच्याच अंगावर उलटते. महिनाभराने यायची कातडी चार-पाच दिवसांत वर येते आणि पापुद्रे साठतात. सापाचा काही संबंध नाही. आणि हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने हा कुणालाही होत नाही."

गणेशकुमार एकोणीस दिवसांनी घरी आला. वाचला. अंबुजाने मात्र ते एकोणीस दिवस वाट पाहिली नाही. उत्तर कळलं त्याच दुपारी ती त्या अकरा घरांची दारं ठोठावू लागली. हनुमंतराव झोपाळ्यावर बसले होते.

"गणेशने पथ्य मोडलें असेल," ते म्हणाले. "मला तर गुण आला."

"गुण त्यांनाही आला होता, मामा. पुडी आपल्या मनाने बंद करूं नका, पुढें घेतही राहूं नका. पुडी घेऊन आत्ताच डॉक्टरीणबाईंकडे चला. कशी सोडवायची तें त्या सांगतील."

"तीनच दिवस उरलेत मंडल संपायला."

अंबुजाचा तोल गेला. "त्यांच्या हातचें सांबार तुम्हांला चाललें नाही, आणि त्या लबाडाच्या हातची राख चालते? त्यांत काय आहे, विचारलेंत एकदा तरी? मीं नाही विचारलें. डॉक्टरीणबाई नऊ वर्षें खरें बोलल्या, म्हणून त्यांना सोडलें. तो खोटें बोलला, तें गोड लागलें. जो औषधांत काय आहे सांगत नाही, त्याचें औषध घेऊं नका, मामा. हा रोग जाणार नाही, पण सांभाळतां येतो. लाज धरली तर मात्र जीव जातो."

हनुमंतरावांनी झोपाळ्याला पायाने रेटा दिला आणि तोंड फिरवलं.

अकरांपैकी सात जण तिच्याबरोबर इस्पितळात आले. हनुमंतरावांसह चौघे मंडल संपायची वाट पाहत घरीच राहिले. त्या चौघांना तीच स्वामींकडे घेऊन गेली होती.