बर्फवाल्याची हमाली

बर्फवाल्यानं कारखान्यातलं यंत्र भंगारात काढलं सोमवारी, आणि मंगळवारी सकाळी गावातल्या साऱ्या होड्या मासळीनं काठोकाठ भरून आल्या. सहा वर्षं समुद्रानं मासळी न देता गावाला नुसतं झुलवलं होतं. अर्धी माणसं शहरात गेली, होड्या वाळूत उलट्या पडल्या, तेव्हा कुठं ह्यानं हात टेकले. 'आपल्यासारखा मुहूर्त साधणारा पंचक्रोशीत नाही,' त्याचं त्यालाच वाटलं.

मोठ्या होडीचा मालक धक्क्यावरून धापा टाकत आला. "बर्फ काढ! निदान चाळीस लाद्या!"

"यंत्र गेलं."

"कुठं गेलं?"

"काल ट्रकमधून. ढकलायला मीच हात लावला."

ऊन चढत होतं. दुपारपर्यंत मासळी नासली असती.

"शिव्या दे बाबा," बर्फवाला म्हणाला. "मी मघापासून मलाच देतोय, पण माझ्याजवळच्या संपल्या."

तेवढ्यात त्याची आई पदर खोचून दारात आली. बर्फ यायच्या आधी गाव मासळी खारवून जगायचं, आणि खारवणाऱ्या बायकांत म्हातारीचा हात पहिला. पुढं नवऱ्यानंच बर्फाचा कारखाना काढला, मिठाचे हौद ओस पडले. त्या रागात ती वर्षभर नवऱ्याशी बोलली नव्हती.

"हौदांतली लाकडं काढा, धुऊन घ्या," तिनं फर्मावलं. "बायकांना सुऱ्या घेऊन बोलवा. आणि तू रे, मिठाची पोती आण."

"आई, मला खारवण्यातलं काय कळतंय?"

"बर्फातलं तरी काय कळत होतं? पाठ आहे ना? तेवढी पुरे."

दिवसभर तो पोती वाहत राहिला. म्हाताऱ्या बायका मासे चिरून दाखवत होत्या, सुना शिकत होत्या. माशांचा एक थर, मिठाचा एक थर. दिवस कलला तेव्हा हौद भरले होते, एक मासा वाया गेला नव्हता. बर्फवाल्याच्या खांद्याची मात्र सालटी निघाली होती.

जरा दम खाल्ल्यावर त्याची जीभ सुटली. "खरं सांगू? मी यंत्र विकलं म्हणूनच गावाला हौद आठवले. दूरदृष्टी लागते त्याला."

बायका खो खो हसल्या. म्हातारी उठली, जवळ आली. "शाबास रे माझ्या लेका!" म्हणत तिनं मिठानं माखलेल्या हातानं त्याचा सोललेला खांदा थोपटला.

त्यानं ठोकलेली बोंब पार धक्क्यापर्यंत गेली.