खिडकीसकट पाठ

शाळेत प्रार्थनेला उभे राहतात तसा ज्ञानू ताठ उभा राहिला आणि डोळे मिटून सुरू झाला. इंटर सायन्सची तोंडी परीक्षा होती. झाड आपलं अन्न कसं तयार करतं, असं पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं होतं, आणि गडमुडशिंगीच्या या शेतकऱ्याच्या पोराचं इंग्रजी घडाघड वाहू लागलं होतं. शेजारी बसलेल्या, त्याला कॉलेजात हा विषय शिकवणाऱ्या कालिंदीबाईंना बरं वाटलं. शब्द त्यांचेच होते, थांबण्याच्या जागाही त्यांच्याच. सूर्यप्रकाश झाला, पानातला हिरवा रंग झाला, आणि त्याच ठेक्यात ज्ञानू म्हणाला, "क्लोज दॅट विंडो प्लीज, टू मच डस्ट." मग तो कर्बवायूकडे वळला.

परीक्षकांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग ते पोट धरून हसले. बाईंना मात्र ते वाक्य ओळखू आलं. कधीतरी फाल्गुनात वर्गात धूळ येत होती, म्हणून त्यांनी कुणाला तरी खिडकी लावायला सांगितली होती. पोरानं तीही धड्यात धरली आणि इमानानं पाठ केली. परीक्षकांनी मग साधासाच दुसरा प्रश्न विचारला, तर ज्ञानूनं डोळे मिटून तोच धडा पहिल्यापासून सुरू केला. निकाल काय लागणार हे तिथंच ठरलं.

बाईंनी त्याला व्हरांड्यात गाठलं. त्याच्याशी त्या मराठीत पहिल्यांदाच बोलत होत्या. मी रोज विचारते, समजलं का, आणि तुम्ही सगळे येस म्हणता, ते काय म्हणून, असं त्यांनी जरा रागानंच विचारलं.

"बाईंच्या तोंडावर न्हाय कसं म्हनायचं?" ज्ञानू म्हणाला. "तुमी सांगितल्यालं समदं पाठ हाय बाई. कळायचं तेवढं ऱ्हायलंय."

हे ऐकून बाई घरी आल्या आणि चहासुद्धा न घेता बसून राहिल्या. विशीच्या आत कपाळ पांढरं झालेली ही बाई जिद्दीनं पुण्याला जाऊन शिकली, नृसिंहवाडीच्या माहेरी कुणी उरलं नाही तेव्हा कॉलेजच्या गावी मंगळवार पेठेत दोन खोल्या घेऊन राहिली. पेठेत मान होता, पण मानाच्या माणसाकडे कुणी गप्पा मारायला जात नाही. घरात बोलायचं ते देवाशी आणि दूधवाल्याशी. वर्गात मात्र आपण बोलतो आणि समोरून उत्तर येतं, या एका गोष्टीवर त्यांचे दिवस निघत होते. इतकी वर्षं त्या येसवर आपण जगलो आणि त्यात काहीच नव्हतं, हे त्यांना सोसवेना. त्या रडल्या.

जूनमध्ये कॉलेज उघडलं, पण नापास झालेला ज्ञानू आला नाही. ऑक्टोबरला तो पुन्हा परीक्षेला बसू शकत होता. याला तरी समजेल असं शिकवायचं, नाहीतर आपण कधी कुणाला शिकवलंच नाही, असं बाईंच्या मनानं घेतलं. एका रविवारी टांगा करून त्या गडमुडशिंगीला गेल्या. कॉलेजची बाई दारात बघून त्याची आई बायडाबाई गोंधळली आणि त्यांना उसाकडे घेऊन गेली. ज्ञानू पाणी पाजत होता.

बाई बांधावर बसल्या. उसाचं एक पान हातात धरून त्यांनी तोच धडा मराठीत सुरू केला, आणि पंचाईत अशी, की शिकवताना त्यांनाच मराठी शब्द सुचेनात. अडखळत, थांबत त्या घरातले शब्द शोधू लागल्या. पान म्हणजे चूल, ऊन म्हणजे सरपण, पाणी मुळाकडून येतं, वारा बाकीचं आणतो. ज्ञानू खोरं टेकून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला.

"मग रातीचं काय करतंय ह्ये?" त्यानं विचारलं. "ऊन तर नसतंय."

बाईंना आजवर वर्गात कुणी प्रश्न विचारला नव्हता. मग त्या सांगत सुटल्या, ज्ञानू आणखी विचारत गेला, आणि पाटाचं पाणी भलत्याच सरीत शिरलं तरी दोघांचं लक्ष नव्हतं.

उठताना बाई म्हणाल्या, ऑक्टोबरला बस, मी रोज असंच शिकवीन. ज्ञानूनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"न्हाय बाई. वडील अंथरुणाला खिळल्यात. आता रान मलाच बघाय पायजे." खोरं उचलत तो म्हणाला, "पर आज कळलं."

बाईंनी आग्रह केला नाही. बायडाबाईनं पदरात शेंगा घातल्या आणि टांगा निघाला. वाटेत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस होता.

दिवेलागणीला त्या कुलूप काढत होत्या. एकानं मला आज प्रश्न विचारला, हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं, पण आत अंधार होता. शेजारच्या अंबूबाई कट्ट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"सुट्टीचं कुटं गेलतासा बाई?" त्यांनी सहज विचारलं.

"शिकवायला," कालिंदीबाई म्हणाल्या.

अंबूबाईंनी बरं म्हणून मान हलवली आणि खाली बघून पुन्हा खडे वेचायला घेतले.