मारावं की थांबावं

मी एक जुना बॅकगॅमनचा लाकडी पट आहे. एका सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं आणि मधोमध बिजागऱ्या बसवून पेटीसारखं मिटतं केलं. पुढे कुलूपं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला घरी आणलं.

मित्रांनो, माझ्यावर दोघे खेळतात. फासे टाकायचे आणि आपल्या सोंगट्या वळसा घालून घरात आणायच्या. वाटेत समोरच्याची एकटी सोंगटी सापडली तर ती मारता येते. मग ती बिचारी पटाबाहेर जाते आणि मारणाऱ्याच्या घरातून शिरून पुन्हा पहिल्यापासून निघते. पण मारायला गेलेली आपली सोंगटीही कधी कधी एकटी पडते. मारावं की थांबावं, हाच खरा पेच.

काकांनी आपल्या सुनेला हा खेळ शिकवला. "आधी आपलं घर बघ," ते सांगायचे. "तिथल्या जागा दोन-दोन सोंगट्यांनी अडवल्या असतील तर खुशाल मार. मारलेल्या सोंगटीला परत शिरायला वाट मिळणार नाही. घर उघडं असेल तर गप थांब."

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं. मी कपाटावर धूळ खात पडलो. काका जेवणाकडेही पाठ फिरवू लागले.

एके दुपारी सुनेने मला खाली काढलं, पुसलं आणि त्यांच्या पलंगावर मांडलं. काका डाव्या हाताने फासे टाकू लागले. पण ती मुद्दाम हरायची. त्यांना ते कळायचं आणि त्यांचा चेहरा उतरायचा.

एकदा काकांची सोंगटी एकटी सापडली. सुनेचं घर पक्कं होतं, दानही हवं तेच पडलं होतं. तरी तिने दुसरीच सोंगटी हलवली. काकांनी ती उचलून होती तिथे परत ठेवली. त्यांचे ओठ थरथरले.

"मार."

"बाबा, तुम्ही बोललात," ती कशीबशी म्हणाली.

"आधी मार."

तिने मारली. काकांची सोंगटी बाहेरच अडकली, दानामागून दान फुकट गेलं. ते सपाटून हरले आणि ओठाच्या एका कोपऱ्यातून हसले. त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. पुढे हळूहळू शब्द परत आले. रागावायचे शब्द सगळ्यात आधी.

मला धुळीतून उचलणाऱ्या त्या सुनेचा आणि खरा खेळ मागणाऱ्या काकांचा मी ऋणी आहे. मित्रांनो, घरातल्या आजारी माणसाशीही मनापासून खेळा. आणि उठताना सोंगट्या नीट आत ठेवा. त्यातली एक हरवली, तर समोरासमोर बसणारी दोन माणसंही आपापल्या खोलीत निघून जातात.