झाडमोजणीचा दिवस

डिसेंबरच्या बारा तारखेला आमच्या गावातलं कुणी डोंगरात जात नाही. त्या दिवशी डोंगरदेवी आपली झाडं मोजते, आणि रानात माणूस सापडला तर त्यालाही झाडांतच धरते. माझं डोंगराच्या पायथ्याशी पाहुण्यांसाठी विश्रामगृह आहे. माझी धाकटी बहीण मिसाओ त्यांना वर स्कीइंगला न्यायची.

त्या वर्षी बारा तारखेच्या सकाळी ताजा बर्फ पडला होता. कुवाहारा नावाच्या पाहुण्याला धीर निघेना.

"मिसाओ, आजचा दिवस राहू दे," मी म्हणालो.

"अरे दादा, देवी मोजण्यात गुंतलेली. माझ्याकडे बघायला तिला फुरसत कुठाय?" ती हसत बूट आवळत होती.

दुपारी कुवाहारा एकटाच धडपडत खाली आला. ओठ निळे पडलेले.

"धुकं उतरलं आणि बाईचा आवाज आला, आकडे म्हणत. मला वाटलं, तुमची बहीण चेष्टा करतेय. पण ती तर माझ्या शेजारी गप्प उभी होती! आवाज जवळ आला तसा मी पळालो. ती हललीच नाही."

गावकरी देवीच्या लाकडी कमानीपर्यंत आले, पुढे पाऊल टाकेनात. मी एकटाच गेलो. मिसाओ रानात ताठ उभी होती. खांद्यांवर बर्फ साचलेला, डोळे उघडे. मी हाका मारत तिला गदागदा हलवलं.

"ओरडू नको, दादा," ती पुटपुटली. "तिचा आकडा चुकेल."

तिला पाठुंगळी घेऊन मी खाली आणलं.

ती वाचली. जेवायची, बोलायची, फक्त डोंगराचं नाव काढायची नाही. पुढच्या वर्षी त्याच दिवशी मात्र सकाळीच बूट घालून दाराशी उभी राहिली. मी कडी लावली.

"जाऊ दे मला. तिने मला मोजलंय. एक कमी भरलं तर ती शोधत खाली येईल."

"येऊ दे. मी आहे ना!"

ती भांडली नाही. दिवसभर तिथेच उभी राहिली. गरम सूप पुढे केलं, त्याला तोंडही लावलं नाही. दिवस कलला तसा मला जरा धीर आला. तेवढ्यात अंगणातला कुत्रा भुंकायचा थांबला आणि दार ओरबाडू लागला. गावाच्या वरच्या टोकाकडून एका बाईचा संथ आवाज येत होता. ती घरं मोजत होती.

मिसाओने कडीवरचा माझा हात हळूच बाजूला केला. मी तिला अडवलं नाही.